उभीचं दार

गवराईच्या डोंगराला तीन अंगांनी कडे आहेत आणि चौथ्या अंगाला, उगवतीच्या उतारावर, पांगाऱ्यांची रांग. माघ सरत आला की या झाडांवर पान म्हणून राहत नाही, नुसता लालभडक फुलोरा. निवळगावच्या फाट्यावर एसटीतून उतरणाऱ्याला डोंगर नंतर दिसतो, आधी ही लाल रेघ दिसते. जवळ गेलं की कळतं, रेघ बोलते आहे. साळुंक्या, कोतवाल, बुलबुल, चिमणीहून लहान शिंजीर, सगळ्यांची फुलांवर झुंबड आणि भांडणं. वरच्या फांदीवरून शेकरू खाली बघत असतं, हे सगळं आपल्याच घरचं कार्य असल्यासारखं.

रांग अर्ध्या कोसाची आहे आणि एकाच जागी तुटते. दोन माणसांनी हात पसरले तर भरेल एवढीच मोकळी जागा. तिला म्हणतात उभीचं दार. दार म्हणायचं, पण तिथं चौकट नाही, फळी नाही, कडी नाही. तिथं झाड लावत नाहीत, दगड रचत नाहीत. डोंगरात जाणाऱ्यानं हातातली काठी बाहेर रोवायची, पायताण काढायचं, त्या मोकळ्या जागेत दहा श्वास गुमान उभं राहायचं आणि मग आत जायचं. पायताण आत गेल्यावर घातलं तरी चालतं. काठी मात्र परतताना न्यायची नाही.

सुट्टीच्या दिवशी पाठीवर पिशव्या लावून पोरंपोरी येतात. कुणाला धबधबा बघायचा असतो, कुणाला धनेश पक्षी, कुणाला नुसतंच कड्यावर बसून फोटो काढायचे असतात. त्यांना वाट दाखवतात सिदूतात्या ढेबे. तात्यांचं वय विचारलं तर ते तुमचं विचारतात. कुठले, कुणाचे, लग्न झालंय का, नसेल तर का नाही, हे सगळं चढणीवरच उरकून घेतात आणि दारापाशी आले की धोंड्यावर टेकतात. पोरं दहा श्वास दोन श्वासांत उरकायला बघतात. तात्या म्हणतात, "घाई कशाची? एक बाई हितं दिसभर हुबी ऱ्हायली. तुमास्नी दहा श्वास जड झालं व्हय?"

मग पोरं खाली बसतात आणि तात्या सांगायला लागतात. त्यांच्या आजीनं त्यांना सांगितलं, तिला तिच्या सासूनं. ते असं.

फार पूर्वी हा सगळा मुलूख खालच्या गढीवरच्या देसायांचा होता म्हणे. डोंगराच्या पायाशी निवळगाव, शेतकऱ्यांचं. वर, रानाच्या कडेला, धनगर गवळ्यांची बारा घरं. घरं म्हणायची एवढंच. कारवीचे कूड, वर गवत. म्हशी जिथं चरतील तिथं ही माणसं जायची. चार आठवडे डोंगराच्या या अंगाला, दोन त्या अंगाला, म्हशींचं वाडगं उपटायचं, डोक्यावर घ्यायचं आणि पुढच्या माळावर रोवायचं. एका जागी खुंट जुना होईपर्यंत कुणी थांबलेलंच नव्हतं. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

या बारा घरांत ठकूबाई ढेबे नावाची बाई होती. चाळिशी ओलांडलेली, अंगानं किडकिडीत, तोंडानं फटकळ. कुणाच्या म्हशीनं दूध का कमी दिलं, कुणाची सून का रुसली, याची खबर घरच्यांच्या आधी ठकूला. पण कुणाकडे चूल पेटली नाही तर दुधाची चरवी घेऊन पहिली दारात तीच. तिचा नवरा बिरू अकरा वर्षांपूर्वी गेला होता. आत्ता जिथं दार आहे तिथूनच गव्यांची वाट खाली उतरते. तिथं हरवलेली रेडी शोधताना एका गव्यानं बिरूला शिंगावर घेतलं. त्याला आतल्या पाणवठ्याजवळ पुरलं आणि वर धोंडा उभा केला. त्याची तिवसाची काठी ठकूनं, घर कुठंही हललं तरी, आढ्याला बांधून ठेवली. तेव्हापासून ती धोंड्याला फूल वाहायला जायची ती मैलभर वळसा घालून. गव्यांच्या वाटेवर तिनं अकरा वर्षांत पाऊल टाकलं नाही. लांबून गव्याचं फुरफुरणं ऐकू आलं तरी तिच्या हातातली चरवी डुचमळायची.

दरसाल अक्षयतृतीयेला बारा घरांनी तुपाचा घडा गढीवर न्यायचा रिवाज होता. त्या साली घडा घेऊन ठकू गेली आणि तिची भावजय साळू सोबतीला. गढीच्या चौकात सुतार बसले होते, आखणी चालली होती. देसायांना नवी सातमजली गढी बांधायची होती. तुळया हव्या होत्या, खांब हवे होते, विटा भाजायला जळण हवं होतं. कारभारी नरसोपंत बोट दाखवून सांगत होते, "दसरा झाला की वरच्या डोंगराला कुऱ्हाड लावायची. उगवतीकडून सुरुवात. दोन वर्षांत डोंगर मोकळा."

ठकूनं घडा खाली ठेवला. साळूनं तिचा पदर ओढला. साळूला ठाऊक होतं, आता ही बोलणार.

"आन् पानी?" ठकू म्हणाली.

नरसोपंतांनी वळून बघितलं. "काय?"

"डोंगर मोकळा केल्यावर पानी कुठनं यायचं म्हंते मी. निवळगावचा झरा त्याच रानातनं येतोय. तुमच्या गढीच्या हौदाला बी त्योच."

"तूप ठेवलंस? मग निघ."

"निघते की. पन त्या रानात गवं हायती, अस्वलं हायती, भेकरं हायती. त्यांनी निघून कुनाच्या परसात जायचं? तुमच्या?"

चौकातले सुतार हसायला लागले. देसाई वर सज्जात बसले होते, ते ऐकत होते. त्यांचा स्वभाव वाईट नव्हता म्हणे, पण कंटाळलेल्या माणसाला गंमत लागते, तशी त्यांना लागायची. ते वाकून म्हणाले, "ए बाई, एवढं बोलतेस, तो डोंगर काय तुझा आहे?"

"माझा न्हाय, पन तुमचा बी दिसत न्हाय, मालक."

साळूनं डोळे मिटले.

"का बरं?"

"आपलं म्हनून मानूस राखन करतं, कुपाटी घालतं. साधा वांग्याचा वाफा असला तरी. त्या डोंगराला तुमची एक खुटी न्हाय."

देसाई हसले. बराच वेळ हसले आणि मग हसू थांबवून म्हणाले, "ठीक. मग तूच घाल कुंपण. तीन बाजूंना कडे आहेतच, चौथी बाजू खुंटांनी बंद कर. डोंगरातली एक काडी तोडायची नाही. दसऱ्याला मी येईन, हा कारभारी येईल. एकेक खुंट एका हातानं उपटून बघेल. सगळे टिकले तर रान राहील, माझा शब्द. पण एक जरी खुंट हातात आला, तरी दुसऱ्या दिवशी कुऱ्हाड. आणि तुमची बाराच्या बारा घरं डोंगर सोडून जातील. कबूल?"

नरसोपंत मनात खूश झाले. चार महिन्यांच्या पावसात चिखल असा होतो की वासासुद्धा बोटानं हलतो. हे ठकूलाही कळत होतं. पण तोंडातून शब्द गेलेला होता आणि चौकभर माणसं ऐकत होती.

"कबूल," ती म्हणाली.

परतीच्या वाटेवर, घाट चढून आल्यावर, साळू म्हणाली, "वन्सं, दुसऱ्याच्या घरात नाक खुपसायची तुमची सवय ठाऊक हुती. पन आता डोंगराच्या बी?"

वाडीत रात्री कुणी ठकूशी बोललं नाही. बारा घरांचं बिऱ्हाड तिच्या जिभेवर टांगलेलं होतं. ती सकाळी उठली आणि एकटीच खाली निवळगावात गेली, खुंट मागायला.

निवळगावच्या लोकांनी आधी थट्टा केली. सागवान कोण देणार? बाभळीला हात लावू देत नव्हते. शेवटी येसबा नावाचा एक म्हातारा शेतकरी होता, त्यानं आपल्या बांधाकडे बोट केलं. बांधावर ओळीनं पांगारे उभे होते. "हा न्या. जळनाला येत न्हाय, इमल्याला येत न्हाय. किती बी न्या." जमलेले सगळे हसले. पांगाऱ्याचं लाकूड म्हणजे भेंडासारखं मऊ, हलकं.

ठकूला मात्र देव भेटल्यासारखं झालं. हलकं लाकूड! डोक्यावरून घाट चढवायचं तर असंच हवं. येसबाचं बघून बाकीच्यांनीही आपापल्या बांधावरचं छाटू दिलं. तिसऱ्या दिवशी ठकूच्या मागे साळू आली. चौथ्या दिवशी बाराही घरांच्या बाया आल्या. पुरुषांनी वाडग्यांचं काम बाजूला ठेवून खड्डे खणून दिले. वैशाख आणि अर्धा जेठ असा गेला. डोक्यावर मोळी, पायाखाली तापलेला कातळ. पांगाऱ्याच्या काट्यांनी बायांचे हात फुटले. हातभर खड्डा, त्यात खुंट, भोवती दगड, पुढचा खड्डा.

इथं पोरांपैकी कुणीतरी विचारतंच, "पण तात्या, ओल्या पांगाऱ्याची फांदी लावली तर ती..." तात्या हात वर करतात. "तुला ठाऊक हाय, मला ठाऊक हाय. त्यास्नी ठाऊक नव्हतं."

खरंच नव्हतं. जन्मभर खुंट रोवले होते त्यांनी, पण चार आठवड्यांत उपटलेही होते. रोवलेल्या लाकडाचं पुढं काय होतं, हे बघायला ही माणसं कधी त्या जागी राहिलीच नव्हती. आणि येसबाला? त्याला तर नक्कीच ठाऊक होतं. त्यानं जाणून दिलं की बांधावरची अडगळ गेली म्हणून दिलं, यावर निवळगावात आणि वाडीत आजही वाद आहे.

मृग लागला. पाऊस असा कोसळला की आठ दिवस समोरचं माणूस दिसेना. ठकू रोज इरलं घेऊन रांगेनं फिरायची. एकेक खुंट हलवून बघायची. पहिल्या पंधरवड्यात सगळे हलत होते. ती घरी येऊन चुलीपुढं बसायची. एके दिवशी तिला खुंटाच्या डोक्यावर हिरवे डोळे फुटलेले दिसले. तिला वाटलं, लाकूड कुजतंय, बुरशी आली. ती धावत येसबाकडे गेली.

येसबा काठी टेकत वर आला. त्यानं पहिला खुंट बघितला, दुसरा बघितला आणि मग चिखलातच फतकल मारून असा हसायला लागला की त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"हसता काय, आजा? सांगा तरी!"

"दसऱ्याला सांगीन," येसबा म्हणाला. "तवर हात लावू नगंस. हलवून बी बघू नगंस. त्येंना झोपू दे." आणि जाताना त्यानं तिला बजावलं, "गढीवरचं कुनी भेटलं तर तोंड मिटून ऱ्हा. जमंल का?"

"जमवीन," ठकू म्हणाली. सांगतात की तिच्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड काम तेच होतं.

श्रावणात खुंटांना तीन-तीन पानं आली. भादव्यात फांद्या आल्या, फांद्यांना काटे आले. आता ठकूलाही कळलं होतं. ती रांगेतून चालायची तेव्हा झाडांशी बोलायची, कुणाची वाढ कमी झाली ते विचारायची, शेजारणीला विचारावं तसं.

पण एका जागी काही केल्या जमेना. गव्यांच्या वाटेवर. तिथं तीनदा खुंट रोवले आणि तीनदा गव्यांच्या कळपानं आडवे केले. त्यांची ती पिढ्यान् पिढ्यांची वाट. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. जेठात रोवलेले आषाढात मोडले, आषाढातले श्रावणात. रोवायला ठकू कधी गेली नाही, साळू जायची. दसऱ्याच्या आदल्या दिवशी दुपारी साळू येऊन म्हणाली, "पुन्यांदा तुडवलं. आता खुट बी न्हाय आन् येळ बी न्हाय."

ठकूनं आढ्याकडे बघितलं. बिरूची काठी सोडली. पदरानं पुसली. आणि अकरा वर्षांनी त्या वाटेवर पाऊल टाकलं. साळू सांगायची, ठकू वाटेत दोनदा खाली बसली आणि दोनदा उठली. तिनं वाटेच्या मधोमध काठी रोवली, दगड ठोकले आणि म्हणाली, "एक दिस धर. एकच."

दसऱ्याला उन्हं वर आली तसे देसाई घोड्यावरून आले. मागे नरसोपंत, वीस-पंचवीस शिपाई, शंभरावर कुऱ्हाडवाले. निवळगावातली हिंडतीफिरती सगळी माणसं वर आली होती. एका अंगाला बारा घरांची माणसं, बांधून ठेवलेली बिऱ्हाडं शेजारी. जायचं तर संध्याकाळी निघता यावं म्हणून.

देसायांनी घोडा थांबवला आणि बघतच राहिले. त्यांना खुंटांची रांग बघायची होती. समोर हिरवीगार झाडं उभी होती, माणसाच्या छातीएवढी.

नरसोपंत कलमाचे माणूस. जन्मात बांधावर उतरले नव्हते. त्यांनी बाह्या सारल्या, पहिल्या पांगाऱ्याला हात घातला आणि "आई गं!" म्हणून मागे घेतला. हात काट्यांनी भरला. दुसऱ्याला उपरणं गुंडाळून हात घातला. झाड हललंसुद्धा नाही. तिसऱ्याला एका हातानं, मग कुणी बघत नाही असं वाटून दोन हातांनी. बघत सगळेच होते. येसबा पुढं आला आणि म्हणाला, "ठकू, आज सांगतो. पांगारा रोवला की रुजतो." आणि अख्खं निवळगाव खदखदून हसलं. बाराही घरं हसली. घोड्यावर देसाईसुद्धा हसले.

"सरकार, ही फसवणूक आहे," पंत तांबडेलाल होऊन म्हणाले. "खुंट ठरले होते, ही झाडं आहेत."

"खुंटच रोवलं हुतं, पंत," ठकू म्हणाली. "पुढचं त्यांनी त्यांचं बघितलं."

पंत ओठ चावत रांगेनं चालत निघाले. शंभर, दोनशे, पाचशे. एकेकाला हात लावत. आणि चालता चालता थांबले. गव्यांच्या वाटेवर. तिथं पान नाही, काटा नाही, एक उघडी वाळकी काठी उभी होती. त्यांनी मागे वळून ठकूकडे बघितलं. तिचा चेहरा बघूनच त्यांना कळलं.

त्यांनी डाव्या हातानं काठी उचलली. ती अशी आली, तांदळाच्या वाटीत रोवलेली अगरबत्ती यावी तशी.

हसणं जागच्या जागी थांबलं. कुऱ्हाडवाल्यांनी कुऱ्हाडी खांद्यावरून खाली घेतल्या. साळूनं आपल्या बिऱ्हाडाकडे बघितलं. पंत काठी डोक्यावर धरून म्हणाले, "सरकार! एक आला!"

ठकूला काही ऐकू येत नव्हतं म्हणे. तिला नुसता तो खड्डा दिसत होता, मुठीएवढा, काळ्या मातीचा. अकरा वर्षांपूर्वी याच मातीवर बिरू पडला होता. या वाटेवर दुसऱ्यांदा तिचं सगळं जात होतं. ती चालत गेली. खड्ड्यावर तिनं दोन्ही पाय ठेवले, उताराकडे तोंड केलं, पदर कमरेला खोचला आणि उभी राहिली.

"ह्यो खुट," ती म्हणाली. "उपटा."

कुणाला आधी कळलंच नाही.

"मालक, तुमीच म्हनला हुता. एका हातानं उपटला तर हारले. मी हितं रोवलीया. उपटा मला."

पंत पुढं आले आणि थांबले. परक्या बाईच्या अंगाला चारचौघांत हात कसा लावणार? त्यांनी देसायांकडे बघितलं. देसायांनी दुसरीकडे बघितलं.

"बाई म्हणजे खुंट नव्हे," पंत पुटपुटले. "खुंट पावसाळाभर टिकायला हवा."

"चाळीस पावसाळं काढल्याती ह्या डोंगरात. ह्या पांगाऱ्यांनी एकच."

देसाई घोड्यावरून उतरले. मग म्हणाले, "कारभारी, तिला हात लावू नका. खुंट आहे म्हणते ना? खुंट चालत नाही, बसत नाही, पाणी मागत नाही. दिवस मावळेपर्यंत ती तिथं खुंटासारखी राहिली तर खुंट. तिचा पाय हलला, की उपटला."

एवढं बोलून ते आंब्याखाली सतरंजीवर बसले.

ऊन चढलं. दसऱ्याचं ऊन, पावसानंतरचं, पाठ भाजणारं. ठकू उभी होती. पंत येरझाऱ्या घालत होते. त्यांनी तिच्यासमोर गार पाण्याचा तांब्या ओतून दाखवला. साळूनं लांबून शिव्या घातल्या, अगदी घसा बसेपर्यंत. दुपारी तिच्या टाचेला मुंगळा चावला, तिनं पाय हलवला नाही. ओठ फुटले. तिसऱ्या प्रहरी तिच्या डोळ्यांपुढं अंधारी आली, तेव्हा ती रांगेतल्या झाडांची नावं घेत राहिली म्हणे. प्रत्येक पांगाऱ्याला तिनं वाडीतल्या कुणा ना कुणाचं नाव दिलेलं होतं.

सूर्य कड्यावर टेकला. आता घटकाभरही वेळ उरला नव्हता. आणि तिच्या पाठीमागं, रानात, काहीतरी फुरफुरलं.

तिला वळून बघायची गरज नव्हती. समोरच्या माणसांच्या तोंडावर तिला सगळं दिसत होतं. शिपाई मागं सरकले, मग पळाले. घोड्यानं दावं तोडलं. पंत आंब्यावर कसे चढले ते त्यांनाही कधी सांगता आलं नाही. गव्यांचा कळप वाटेवर आला होता, रोजच्या वेळेला, रोजच्यासारखा. पुढं सगळ्यांत मोठा, काळाकभिन्न, चारी पाय गुडघ्यापर्यंत पांढरे, खांदा माणसाच्या डोक्याच्या वर. त्याच्या वाटेत एकच गोष्ट आडवी होती.

"वन्सं, पळा!" साळू किंचाळली. "जाऊ दे त्यो डोंगर! पळा!"

ठकूच्या मानेवर गरम श्वास आला. ओल्या गवताचा वास. तिच्या पोटात अकरा वर्षं साठलेली भीती एकदम उठून उभी राहिली, पायांपर्यंत आली आणि तिथं थांबली, कारण पाय मोकळे नव्हते. पाय आता तिचे नव्हतेच. ती डोळे मिटून, न वळता, हळू आवाजात बोलली. कुणी म्हणतं देवाचं नाव घेतलं. साळू सगळ्यांत जवळ होती, तिनं सांगितलं ते वेगळंच. ठकू म्हणाली, "माझं मानूस तू घेतलंस. मी तुझं घर राखतीया. आता तू बघ."

गवा उभा राहिला. किती वेळ, ते कुणी मोजलं नाही. मग त्यानं मान खाली घातली, तिच्या टाचेपाशी जमीन हुंगली, एक मोठा सुस्कारा टाकला आणि वळला. त्याच्यामागं सगळा कळप वळला. रानातली पानं हलली आणि शांत झाली. वर बघतात तो सूर्य गेलेला होता.

देसाई उठून चालत आले. ठकूच्या समोर दोन हातांवर थांबले. त्यांनी खाली पडलेली बिरूची काठी उचलली, तिच्या हातात दिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "उभा राहू दे डोंगर."

पहिला ढोल येसबाच्या घरचा वाजला. मग बारा घरांचे सगळे ढोल. "डोंगर हुबा हाय!" म्हणून साळूनं बसलेल्या घशानं जी आरोळी ठोकली ती खाली निवळगावात ऐकू गेली म्हणतात. बिऱ्हाडांच्या गाठी सोडल्या, गाठोड्यांतली भांडी काढली, कुऱ्हाडवाल्यांनाच पंगतीला बसवलं. ठकूला मात्र उचलून न्यावं लागलं. पाय निघेनात. पंत आंब्यावरून उतरले तेव्हा ती त्यांना म्हणाली, "पंत, तुमी बी रुजला हुता की वो वर!"

देसायांची गढी पुढं दोनच मजल्यांची झाली. आणि ज्या बारा घरांनी त्या सालाआधी कधी एका जागी पावसाळा काढला नव्हता, ती त्या दिवसापासून तिथून हलली नाहीत. पांगारे रुजले तशी तीही रुजली. गव्यांची राई म्हणून गवराई; त्याआधी डोंगराला नावच नव्हतं म्हणे.

एवढं सांगून तात्या थांबतात. मग अलीकडचं सांगतात, कारण ते सांगितल्याशिवाय त्यांना राहवत नाही. सरकारनं गवराईचं रान राखीव करायचं घाटलं आहे. गेल्या साली शाळेत सुनावणी झाली. वाडीतली माणसं आधी धास्तावली होती, डोंगर राखणार म्हणजे आपल्याला बाहेर काढणार की काय. साहेब तरुण होते, नकाशा घेऊन आले होते. त्यांनी विचारलं, "हद्द कुठून धरायची?" वाडीच्या बायांनी त्यांना हाताला धरून रांगेपाशी आणलं. साहेब पांगारे मोजत मोजत दारापर्यंत आले आणि म्हणाले, "इथं लोखंडी फाटक बसवू." तात्यांची सून बमाबाई पुढं झाली. ती जाऊन त्या मोकळ्या जागेत उभी राहिली. साहेबांनी आधी तिच्याकडे बघितलं, मग पायातले बूट काढले. कागद अजून वर आहे, मंजूर व्हायचा आहे. पण त्यातली हद्दीची रेघ पांगाऱ्यापासून पांगाऱ्यापर्यंत जाते, दारापाशी तुटते आणि तिथं फाटक नाही.

गवे रांगेबाहेर येत नाहीत असं तात्या छातीठोक सांगतात. निवळगावचे लोक म्हणतात येतात, कधीमधी, हरभरा चांगला असला तर. तात्या म्हणतात, ते दुसऱ्या डोंगराचे.

आजही आलेल्या पाहुण्यांच्या काठ्या दाराबाहेर रोवलेल्या दिसतात. त्यातली एखादी पांगाऱ्याची असली, तर पुढच्या पावसाळ्यात तिला पान येतं आणि रांग एका झाडानं दाट होते. आजही दसऱ्याला बारा घरांतली एक बाई सकाळी दारात उभी राहते, अनवाणी, उताराकडे तोंड करून. बसत नाही, पाणी मागत नाही. सासवा सुनांना आदल्या दिवशी एवढंच सांगतात, मागं काही फुरफुरलं तरी वळू नको. दिवस कड्याआड जातो, निवळगावात येसबाच्या घरातून पहिला ढोल वाजतो, आणि वरून, पांगाऱ्यांच्या रांगेतून, बारा घरांची आरोळी खाली येते:

"डोंगर हुबा हाय!"